गुप्तदान नामंजूर

या हाताचे दान त्या हाताला कळू नये, असे आपल्याकडे सांगतात. आयकर खात्याला ते पटत नाही. कलम ८०जीची वजावट हवी, तर तुमचे दान दोन्ही हातांना, बँकेला आणि पोर्टललाही कळले पाहिजे. २,००० रुपयांवर रोख दिलीत? नामंजूर. धान्य, घोंगड्या दिल्यात? पुण्य मिळेल, वजावट नाही. ३१ मेपर्यंत देणग्यांचा तपशील देणारा फॉर्म १०बीडी भरायला संस्था विसरली, तर नोटीस दात्याला. चित्रगुप्त निदान पावती तरी मागत नव्हता! २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी नवी करप्रणाली तर थेट गीताच सांगते: तिथे ही वजावटच नाही. करा दान आणि फळाची अपेक्षा सोडा. निष्काम कर्मयोगाला अखेर सरकारी मान्यता मिळाली.