दुकान आहे, याला प्रमाण काय?

एखादी वस्तू आहे हे कशावरून जाणावे, या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी त्यांत अर्थापत्ती आणि अनुपलब्धी यांची भर घालून ती संख्या सहावर नेली. घट, पट, धूर, अग्नी, दोरी आणि साप एवढ्या सामग्रीवर या सगळ्या पंडितांचे भागले. मोटार रिवाइंडिंगचे दुकान उदाहरणादाखल कोणी घेतले नाही, कारण ज्या दुकानात जळालेला पंप टाकून आलो ते दुकान आहे की नाही, अशी शंका घेण्याइतकी सवड कोणत्याही आचार्याला नव्हती. शास्त्रातील ही उणीव अलीकडे गुगलने भरून काढली आहे.

गुगलच्या नकाशावर दुकानाचे नाव, पत्ता, वेळ, दूरध्वनी, छायाचित्रे आणि गिऱ्हाइकांनी दिलेले तारे ज्या एका नोंदीत एकत्र दिसतात, तिला व्यवसाय-प्रोफाइल म्हणतात. बाजारपेठेच्या भाषेत तिचे वर्णन ‘दुकान गुगलला टाकलंय’ एवढ्यात होते. या सेवेचे नाव २०१० मध्ये ‘गुगल प्लेसेस’ होते, २०१४ मध्ये ‘गुगल माय बिझनेस’ झाले आणि २०२१ पासून ते ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’ आहे. दुकानाचे नाव पाटीवर, कागदावर आणि लोकांच्या तोंडी जसे आहे तसेच नोंदवले पाहिजे, त्यात कमीजास्त करता कामा नये, हा या सेवेचा एक मुख्य नियम आहे. नाव बदलण्याचा सर्वाधिक अनुभव ज्या पक्षाला आहे त्यानेच हा नियम करावा, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. व्यसनाचे दुष्परिणाम व्यसनी माणसाला अधिक ठाऊक असतात.

नियम मोडल्याचा संशय आला की प्रोफाइल निलंबित होते. या व्यवहारातील जाणकार निलंबनाचे दोन प्रकार मानतात. ‘सॉफ्ट’ प्रकारात दुकान नकाशावर दिसत राहते, पण त्यावरचा मालकाचा ताबा जातो, म्हणजे मालक स्वतःच्याच दुकानासमोर उभा राहिलेला बघ्या होतो. ‘हार्ड’ प्रकारात दुकान, त्याचे तारे आणि पंधरा वर्षांत गिऱ्हाइकांनी लिहिलेल्या बऱ्यावाईट गोष्टी यांसह नकाशावरून लोप पावते. मालकाला येणाऱ्या पत्रात मोडलेल्या धोरणाचे नाव बहुधा असते, मात्र ते धोरण कोणत्या कृत्याने मोडले हे नसते. आरोपीला दंडसंहितेचे प्रकरण सांगायचे आणि गुन्हा त्याचा त्याने आठवायचा, अशी ही पद्धत असून आत्मपरीक्षणाला तिच्याइतके पोषक दुसरे काही नाही. काही मालकांना या काळात नोंदीशी संबंध नसलेलेही अनेक गुन्हे आठवतात.

गुगलची बाजू येथे मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील आणि खुद्द गुगलमधील संशोधकांनी २०१७ मध्ये, गैरवापरासाठी निलंबित झालेल्या एक लाखाहून अधिक नोंदी तपासून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. नसलेली कुलूपवाल्यांची, नळदुरुस्तीवाल्यांची आणि वायरमनची दुकाने नकाशावर उभी करायची, अडलेल्या माणसाचा फोन आला की भलत्यालाच पाठवून भलताच दर लावायचा, हा धंदा त्यात तपशिलाने आला आहे. बोलावल्यावर घरी येणाऱ्या अशा सेवांचा वाटा बनावट नोंदींत सुमारे ४० टक्के भरला होता. त्या काळी दुकानाच्या पत्त्यावर पाच अंकी संकेतांक असलेले पोस्टकार्ड पाठवून खातरजमा केली जात असे. दुकान ओळखणारा पोस्टमन हा नैयायिकांच्या अर्थाने आप्त, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा असा माणूस होता. पण भामट्यांनी टपालपेट्या भाड्याने घेऊन त्या प्रमाणालाच बगल दिली. तेव्हापासून, जी दुकाने नव्हती त्यांच्या पापाची वसुली, जी आहेत त्यांच्याकडून चालू आहे.

अर्थात जी आहेत ती दुकानेही अगदी गंगेत न्हालेली नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आजोबांच्या काळापासून विद्युत मोटारींचे कॉइल भरणारे एखादे दुकान कल्पावे. त्याच्या पाटीवर कुलदैवताचे नाव आणि ‘मोटार रिवाइंडिंग वर्क्स’ एवढाच मजकूर असतो. पुढे घरातला एखादा भाचा ‘डिजिटल मार्केटिंग’ शिकतो आणि मामाच्या दुकानाच्या नावापुढे ‘सबमर्सिबल पंप दुरुस्ती, बेस्ट मोटार रिपेअर, स्वस्त दर, कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली’ अशी शेपटी जोडतो. शोधात वर यावे म्हणून नावात शब्द कोंबण्याची ही क्रिया नियमात बसत नाही, हे भाच्याच्या अभ्यासक्रमात नसते. भाचा त्यावर थांबत नाही: सांगलीत आत्याच्या घरी एक आणि इचलकरंजीत मित्राच्या गाळ्यात एक अशा दोन शाखाही नकाशावर उघडतो. पाटीवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ असे तांबड्या अक्षरांत लिहिलेले असते. नक्कल करणाऱ्यांना उद्देशून लिहिलेले ते वाक्य भाच्याने स्वतःला लावून घेतले असते, तर पुढचे रामायण टळले असते.

निलंबन झाल्यावर शेपटी कापायची, शाखा पुसायच्या आणि मग अपील करायचे, असा क्रम आहे. दुकान खरे असल्याने पुराव्याला काय तोटा, असे मालकाला वाटते आणि तेथूनच या विषयाचा खरा विस्तार सुरू होतो. अपिलात मागितले जाणारे पुरावे म्हणजे व्यवसायाची नोंदणी, परवाना, कराचे प्रमाणपत्र, वीज किंवा दूरध्वनीचे बिल असे साधेच असतात. अट एवढीच की त्यांवरचे नाव आणि पत्ता प्रोफाइलशी जुळला पाहिजे. महाराष्ट्रातील दुकानदाराच्या फायलीत कागदांची उणीव कधीच नसते. त्या कागदांची एकमेकांशी ओळख नसते, एवढेच. जीएसटीच्या प्रमाणपत्रावर एकल मालकीच्या धंद्याचे कायदेशीर नाव म्हणून मालकाचे स्वतःचे नाव असते आणि दुकानाचे नाव व्यापारी नाव म्हणून त्याखाली येते. ‘उद्यम’ ही सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची २०२० पासूनची नोंदणी भाच्याने मोबाइलवरून केलेली असल्यामुळे तिच्यावर दुकानाचे नाव शेपटीसह आहे. लाइट बिल आजोबांच्या नावे येते. आजोबांना जाऊन वीस वर्षे झाली असली तरी महावितरणच्या दप्तरी ते थकबाकीविना हयात आहेत. रोमन लिपीत ‘श्री’ हा शब्द एका कागदावर तीन अक्षरांत, दुसऱ्यावर चार आणि तिसऱ्यावर पाच अक्षरांत लिहिलेला असून यंत्राच्या दृष्टीने हे तीन वेगळे देव आहेत. पत्त्याचेही तेच. एका ठिकाणी सिटी सर्व्हे नंबर आणि वॉर्ड, दुसऱ्या ठिकाणी गाळा क्रमांक, तिसऱ्या ठिकाणी ‘मारुती मंदिरामागे’, आणि शेतावरून पंप घेऊन येणारे गिऱ्हाईक या तिन्हींपैकी एकही न वाचता चहाच्या गाड्यावर विचारून नेमके पोहोचते.

परवान्याची कथा याहून सूक्ष्म आहे. ज्याला लोक ‘शॉप अ‍ॅक्ट’ आणि मुंबईत ‘गुमास्ता’ म्हणतात त्या कागदाचे स्वरूप महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ याने बदलले. त्या वेळी मंजूर झालेल्या रूपात, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीची गरज उरली नाही. धंदा सुरू केल्याची सूचना ऑनलाइन द्यायची आणि पोचपावती छापून घ्यायची. म्हणजे दुकान आहे, हे दुकानदाराने शासनाला सांगितले, शासनाने ‘ऐकले’ असे लिहून दिले आणि तेच लिहिलेले दुकानदार आता गुगलला पुरावा म्हणून दाखवतो. येथे शब्दप्रमाण एका प्रदक्षिणेत पूर्ण होते आणि वाटेत सरकारी पोच मिळाल्याने अधिक पवित्र होते. याच अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन पाटी देवनागरी लिपीत मराठीत असणे आणि ती अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे सर्व दुकानांना बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. नियम योग्यच आहे आणि तो पाळलाही पाहिजे. मात्र कराचा कागद रोमन लिपीत, पाटी देवनागरीत आणि प्रोफाइल भाच्याच्या मर्जीत, अशा त्रिवेणी संगमावर ‘तिन्ही नावे एकच’ हे सिद्ध करण्याचे काम पेंटरने रंगवलेल्या पाटीच्या छायाचित्रावर येऊन पडते. त्या पाटीवर नावाखेरीज ‘श्री गजानन प्रसन्न’, मालकाचे नाव, दोन बंद पडलेले दूरध्वनी आणि ‘उधारी बंद’ हेही असल्याने, यांतले दुकानाचे नाव कोणते, हा निर्णय यंत्राला करावा लागतो. ‘उधारी बंद’ या नावाचे एखादे दुकान अद्याप नकाशावर उगवलेले नसेल, तर ते केवळ योगायोगाने.

पुरावे जोडण्यासाठी, अपिलातील पुराव्याचा फॉर्म उघडल्यापासून साठ मिनिटे मिळतात. निकालासाठी मालकाला अशी मिनिटे मोजता येत नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने सरकारी कचेऱ्यांना दाखले देण्याची मुदत घालून दिली आहे आणि ती चुकल्यास वरिष्ठाकडे दाद मागता येते. या कायद्याने ज्या बाबूला घड्याळ लावले, त्याच्यावर विनोद करण्यात मराठी सदरलेखकांच्या काही पिढ्या खपल्या. गुगलच्या व्यवस्थेत घड्याळ अर्जदाराच्या मनगटावर बांधलेले आहे. बाबू निदान खुर्चीत नसल्याचे तरी दिसत असे. साठ मिनिटांपैकी पहिली वीस मिनिटे लाइट बिल शोधण्यात, पुढची वीस ते आजोबांच्या नावावर आहे हे आठवण्यात आणि उरलेली वीस भाच्याला फोन करण्यात जातात.

कधी खातरजमेसाठी चित्रफीत मागितली जाते. ती सलग, न कापलेली आणि किमान तीस सेकंदांची असावी, तीत रस्ता आणि परिसर दिसावा, पाटी आणि अवजारे दिसावीत, आणि चित्रण करणारा मालकच आहे हे कुलूप उघडण्यासारख्या कृतीतून कळावे, अशी अपेक्षा असते. इतर माणसांचे चेहरे मात्र तीत नसावेत. उद्यमनगरात भर दुपारी कोणाचाही चेहरा न टिपता रस्ता टिपणे हे कुशल छायालेखकाचे काम आहे, कारण मोबाइल उंचावलेला दिसताच शेजारचा लेथवाला, चहावाला आणि हमाल हे तिघेही चेहऱ्यासह मदतीला येतात. ज्यांच्या साक्षीने दुकान चाळीस वर्षे चालले त्यांना चौकटीबाहेर उभे करून, कुलूप आणि किल्ली यांची साक्ष काढायची, हे या प्रत्यक्षप्रमाणाचे वैशिष्ट्य आहे. कुलूप उघडता येणे हा मालकीचा पुरावा धरला, तर बनावट नोंदींच्या प्रकरणात गाजलेला कुलूपवाला जगातील प्रत्येक दुकानाचा मालक ठरतो, याकडे मात्र नियमकर्त्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

या साऱ्या व्यवहाराचे तात्त्विक मूळ अनुपलब्धी या सहाव्या प्रमाणात आहे. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही, असे अभावाचे ज्ञान या प्रमाणाने होते. परंतु मीमांसकांनी त्याला एक अट घातली होती: ती वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे, अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही एवढ्यावरून घट नाही असे म्हणता येत नाही. या अटीला योग्यता म्हणतात, आणि यंत्राला अट नकोशी असल्याने त्याने प्रमाण घेतले आणि योग्यता गाळली. युरोपीय संघाने २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या डिजिटल सेवा कायद्यात ती वेगळ्या वाटेने परत आणली: मंचाने निर्बंध घालताना स्पष्ट आणि नेमकी कारणे दिली पाहिजेत आणि मोठ्या मंचांनी तक्रारींचा निकाल केवळ यंत्रावर सोपवता कामा नये. भारतात माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ यांनी तक्रार निवारण अधिकारी नेमणे मंचांना बंधनकारक केले आणि त्या वेळच्या रूपात, त्याने २४ तासांत पोच व साधारणतः १५ दिवसांत निकाल द्यावा असे ठरवले. पण उद्यमनगरातील मालकाला या अधिकाऱ्यापेक्षा भाचा जवळचा वाटतो.

या पोकळीत एक नवा व्यवसाय उभा राहिला आहे. निलंबित नोंद ‘हमखास’ परत आणून देणारे सल्लागार निलंबनाचा वास लागल्यासारखे फोन करतात, आगाऊ पैसे घेतात आणि तोच फॉर्म तेच कागद जोडून भरतात. अशा सल्लागारांची स्वतःची दुकाने बहुधा नकाशावर नसतात. निकाल प्रतिकूल गेला तर धोरण कडक झालेले असते, अनुकूल गेला तर ओळख कामी आलेली असते.

नोंद परत मिळते तेव्हा जुने अभिप्रायही बहुधा परत येतात. त्यानंतर आलेला पहिला नवा अभिप्राय एका ताऱ्याचा असतो: गडहिंग्लजहून पंप घेऊन आलो, दुकान बंद होते. मालक त्यावर संतापतो आणि भाचा तो काढून टाकण्यासाठी नवा अर्ज करू पाहतो. तेथे एखादा मीमांसक असता तर त्याने दोघांनाही थांबवले असते, कारण दिवसा न जेवणारा देवदत्त धष्टपुष्ट आहे, त्याअर्थी तो रात्री जेवतो, असे सांगणाऱ्या अर्थापत्तीचा याहून सरस नमुना मिळणे कठीण आहे. बंद सापडण्यासाठी दुकान आधी असावे लागते, आणि एवढ्या कागदांत, चित्रफितींत आणि साठ मिनिटांत जे सिद्ध होताना नाकी नऊ आले, ते गडहिंग्लजच्या गृहस्थाने एका ताऱ्यात, कोणताही कागद न जोडता आणि शेजारच्या चहावाल्याचा चेहरा स्पष्ट दिसणाऱ्या छायाचित्रासह सिद्ध केले आहे.