वेलांटीचे पहारेकरी

अलिबाग-मुरूडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निधनाची बातमी आली, की ‘भावपुर्ण श्रध्दांजली’ची रांग लागते आणि मध्येच कुणीतरी बजावते, ‘पू दीर्घ हवा.’ नियमाने ते बरोबरच असते. पण हे नियम काही आभाळातून पडलेले नाहीत. साहित्य महामंडळाचे पहिले चौदा नियम १९६२ चे. १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. या नियमांआधी ‘नांव’, ‘कांहीं’ यांच्यावरचा अनुस्वार विसरणे ही चूक होती. आज तो देणे ही चूक आहे. शुद्ध-अशुद्धाची हद्द कागदावर सरकते, आपल्या किनाऱ्यावरच्या सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) रेषेसारखी. आणखी मागे गेलो, तर याच अलिबागेत कान्होजी आंग्र्यांच्या काळी पत्रे मोडीत लिहिली जात, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळण्याची रीत नव्हती. तरी आरमार चालले. इंग्रजांनी कान्होजींना चाचा म्हटले, आणखीही पुष्कळ म्हटले. वेलांटीवरून नावे ठेवल्याचे मात्र ऐकिवात नाही.

यावरचा आक्षेप ठरलेला: ‘असेच चालू दिले, तर मराठी बुडेल.’ बुडण्याविषयी किनाऱ्यावरच्या माणसाने तरी जपून बोलावे. ‘रविवारी ऐन भरतीला कुलाबा किल्ल्यावर चालत जाऊ’ या वाक्यात एकही वेलांटी चुकलेली नाही. फक्त मंडळी पाण्यात जातील, कारण तिथे पायी जाता येते ते ओहोटीला. उलट ‘ओहटीला जाउ, पानी कमी आसतं’ असे लिहिणारा सगळ्यांना सुखरूप परत आणेल. (त्यातले ‘पानी’ तर चूकही नव्हे, आगरी-कोळी बोलीत ते तसेच आहे.) पहारेकरी मात्र या दुसऱ्यालाच अडवतो. म्हणून भरतीची वेळ, बँकेचा खाते क्रमांक, लग्नपत्रिकेतले नाव चुकले, तर चारचौघांत, ताबडतोब सांगावे. बाकीचे विचारल्यावर, आणि तेही खासगीत.

‘मग मुलांनी शिकायचे कुठून?’ हा प्रश्न रास्त आहे. पाठ्यपुस्तक, सरकारी फलक, वर्तमानपत्र यांना सूट नाहीच. वाचणारा त्यांना प्रमाण मानतो. मावशीच्या वाढदिवसाचा संदेश कुणी प्रमाण मानत नाही, मावशीसुद्धा नाही. छापील मजकुरासाठी मुद्रितशोधक असतो आणि त्याला त्याचे पैसे मिळतात. तो ग्रुपवर गप्प असतो, याचे कारणही बहुधा तेच असावे.