ज्येष्ठ मार्गदर्शक

गोल्फपटू हेल अर्विनने 1990 साली यूएस ओपन जिंकली, तेव्हा तो 45 वर्षांचा होता. इतक्या वयात ती स्पर्धा आजवर दुसऱ्या कुणी जिंकलेली नाही. मी गोल्फचा क्लब कधी हातातही धरलेला नाही, पण या विजयात अर्धा वाटा माझाच असल्याच्या थाटात मी तो घरात सांगत असतो. विशेषतः माझ्या गुडघ्यांचा विषय निघाला की.

शिकागोजवळचं मेडिना, रविवार, शेवटचा होल, 45 फुटांवरून चेंडू होलमध्ये ढकलायचा फटका. वय 45, अंतरही 45! इथे मी थांबतो. कुणी चकित झालं नाही तर पुन्हा थांबतो. चेंडू आत पडतो आणि हा गृहस्थ ग्रीनच्या कडेने धावत सुटतो, प्रेक्षकांना टाळ्या देत. अजून जिंकलेला नाही बरं का, मागून खेळाडू यायचे आहेत! पण या वयात दाद आपणहून चालत येत नाही, जाऊन गोळा करावी लागते. हे मी धावून दाखवतो. मध्ये टीपॉय येतो म्हणून अर्धीच फेरी. आणि हाच माणूस 1983 साली रॉयल बर्कडेलच्या स्पर्धेत इंच-दोन इंचांवरचा चेंडू ढकलायला गेला, तर क्लब चेंडूला लागलाच नाही. तो हुकलेला फटका मोजला गेला आणि टॉम वॉटसनपेक्षा तो बरोबर एका फटक्याने मागे राहिला. मोठ्या माणसांचं असंच असतं. गॅस बंद करायचा राहिला की मी बायकोला बर्कडेलच सांगतो.

मेडिनाला त्याला घेतलं होतं तेही मेहेरबानीने. 1979 च्या विजयावर मिळालेला थेट प्रवेश संपला होता. संयोजकांनी खास सूट दिली. ही मेहेरबानी मी ओळखतो. सोसायटीच्या गणपतीत कॅरमसाठी नाव द्यायला गेलो, तर पोरांनी खुर्ची पुढे केली. "काका, तुम्ही पंच व्हा ना." वर शाल-श्रीफळ. अरे, माणूस अजून खेळायला बसतोय आणि तुम्ही निरोपसमारंभ कसले उरकता? नारळ ठेवा तुमच्याकडे. स्ट्रायकर द्या!

तर रविवारी बरोबरी झाली, म्हणून सोमवारी माइक डोनाल्डशी प्लेऑफ. अठरा होलनंतर दोघेही 74 फटक्यांवर. एकोणिसाव्यावर अर्विनची बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी. माझी गोष्ट इथे संपते.

परवा भाच्याने विचारलं, "मामा, त्या दुसऱ्याचं काय झालं?"

डोनाल्ड 34 वर्षांचा होता. प्लेऑफच्या अठराव्या होलपर्यंत एका फटक्याने पुढे होता. तिथे बोगी झाली, म्हणजे एक फटका जास्त लागला. मेजर, म्हणजे मोठी स्पर्धा, त्याला पुढे कधीच जिंकता आली नाही. अर्विनकडे आधीच्याच दोन यूएस ओपन होत्या. त्या सोमवारी गरज कुणाला जास्त होती, हा प्रश्न मी कधी घरात शिरू दिला नव्हता.

भाचाही चौतिशीचाच. गेल्या महिन्यात एका नोकरीसाठी शेवटच्या दोघांत होता. जागा अनुभवी माणसाला मिळाली.

तो अनुभवी माणूस किती वर्षांचा होता, हे विचारायचं अगदी माझ्या जिभेवर आलं होतं.