पाच कामांचे काका

रविवारी सकाळी काकांचा फोन येतो. "जरा येतोस का? पाच मिनिटांचं काम आहे." ओहायोतल्या डेटनमधल्या आम्हा मराठी मंडळींना हे वाक्य पाठ आहे. जुना शर्ट घालायचा, बायकोला "जेवायला वाट बघू नकोस" सांगायचं आणि निघायचं. काकांच्या पाच मिनिटांत काकूंकडची दोन जेवणं आणि तीन चहा सहज बसतात.

काकांना चालू वस्तूत रस नाही. चालू घड्याळाकडे ते धडधाकट माणसाकडे वैद्याने पाहावं तसं पाहतात, म्हणजे थोड्या निराशेने. तेच घड्याळ बंद पडू दे, काकांच्या चेहऱ्यावर तजेला येतो. तेवढ्यापुरतं ते दुरुस्तही होतं. मग मालक ते घेऊन जातो आणि काका दोन दिवस गप्प असतात.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत घरातलं सगळं मोडकं संपलं. मग काकांनी धडक्या वस्तू उघडायला सुरुवात केली. मिक्सर झाला, शिलाई मशीन झालं. काकूंनी कुकरवर हात ठेवून सांगितलं, "याच्यापर्यंत आलात तर मी भारतात जाईन." त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थाच्या घरचं सामान विकायला निघालं आणि त्याच्या तळघरात काकांना ती दिसली.

हिरव्या रंगाची, गंजलेली, जाळ्यांनी मढलेली शॉपस्मिथ मार्क फाइव्ह. किंमत काकूंना अजून कळलेली नाही, म्हणून मलाही सांगता येत नाही. वजन मात्र मी सांगू शकतो, कारण मागची बाजू माझ्याकडे होती. दोनशे पौंडांच्या आसपास. तळघरातून वर आणायची आणि दुसऱ्या तळघरात खाली न्यायची. दोन्ही जिन्यांवर काका पुढून इतिहास सांगत होते.

"मूळचा जर्मन माणूस, हान्स गोल्डश्मिट. कॅलिफोर्नियात आला. त्याने बघितलं, करवत असो, लेथ असो की ड्रिल, शेवटी काय? एक मोटर आणि एक फिरणारा दांडा. मग प्रत्येकाला वेगळी मोटर कशाला? जरा डावीकडे घे. १९४७ साली पहिलं मॉडेल बाजारात. युद्धावरून परतलेले लोक, छोटी घरं, सुतारकामाची हौस. उडी पडली लोकांची! पायरी संपली हं. ही मार्क फाइव्ह नंतरची, पन्नाशीतली. मध्ये उत्पादन बंद पडलं होतं, ते १९७२ मध्ये कुणी पुन्हा उभं केलं? आपल्या डेटनच्या माणसाने!"

"काका, बोट."

"माझं नाही ना? मग चालेल."

यंत्र खरोखर विलक्षण. दोन लांब पोलादी नळ्या, त्यांवर सरकणारं एक डोकं, त्यात मोटर. दांड्याला पातं लावलं की करवत, बारा इंची चकती लावली की पॉलिश, समोर ठोकळा धरला की लेथ. आडव्या ड्रिलने बाजूला भोक पाडा. आणि नळ्या एका टोकावर उभ्या केल्या की अख्खं यंत्र नमस्कार संपवून उठल्यासारखं ताठ होतं. झालं उभं ड्रिल. पाच कामं, एक मोटर.

"मीही पाच कामं करते," काकू म्हणाल्या, "पण एकाच वेळी."

काकूंनी इथे यंत्राच्या मर्मावर बोट ठेवलं होतं. करवतीतून लेथवर यायचं तर पातं काढा, टेबल उतरवा, केंद्र बसवा. कामाला दहा मिनिटं, तयारीला वीस. काकांना हा दोष वाटलाच नाही. आयुष्यभर त्यांनी तयारीवरच प्रेम केलं होतं. "आणि यात तिरकं कापायचं तर पातं झुकत नाही, टेबल झुकतं," असं सांगून त्यांनी जिन्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आपल्या घरातल्यासारखं."

यंत्र घरात आलं ते एका कबुलीवर. पहिली वस्तू काकूंचं लाटणं. काकूंचं जुनं लाटणं सावंतवाडीचं, काकांच्याच गावचं. शाळा सुटली की काका चितारआळीत जाऊन खरादीसमोर उकिडवे बसायचे. फिरत्या लाकडाला पटाशी लागली की भोवरा, चेंडू, बाहुली असं काहीबाही त्यातून निघायचं. तो भुसा काकांच्या डोक्यात शिरला तो अजून झटकला गेलेला नाही. इंजिनियरिंग, व्हिसा, पस्तीस वर्षांची नोकरी, सगळं त्यावर थर देऊन झालं.

मग गंज काढण्याचा अध्याय. गणपती विसर्जनासाठी काकूंनी आणलेला मोठा टब गायब झाला. त्यात पाणी, धुण्याचा सोडा आणि गाडीच्या बॅटरीचा चार्जर. धन टोकाला एक भंगार पत्रा, ऋण टोकाला गंजके बोल्ट आणि दांडे. रात्रभर बुडबुडे येत, सकाळी पाणी तांबडं होई आणि लोखंड काळंभोर, स्वच्छ निघे. "यंत्राचं डोकं यात टाकायचं नाही," काका बजावायचे. "अ‍ॅल्युमिनियम आहे, सोडा खाऊन टाकेल." शिवाय बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो म्हणून खिडकी उघडी. ओहायोतला जानेवारी. वर काकू कोट घालून भाजी चिरत होत्या.

आणि ती ॲलन की! या यंत्राचे बहुतेक स्क्रू एकाच मापाचे, पाच बत्तीसांश इंच. काकांची इंची की सापडेना. त्यांनी पुण्याहून आणलेली चार मिलिमीटरची लावून पाहिली, ती बसली. काका हर्षाने वर धावत आले. पाच बत्तीसांश इंच आणि चार मिलिमीटर यांत फरक किती, तर एका मिलिमीटरचा बरोब्बर बत्तिसावा भाग! हे त्यांनी मला, काकूंना आणि पिझ्झा घेऊन आलेल्या मुलाला सांगितलं. त्या मुलाला त्यांनी बक्षिसीही जास्त दिली.

एका रात्री माहितीपुस्तिका वाचताना काकांनी आवाज चढवला. "ऐका! मोटर बंद असताना वेगाची डायल कधीही फिरवू नये. पट्टा चालता असेल तरच पुलींवर चढतो-उतरतो. बंद यंत्रात डायल फिरवली की आतले भाग ताणतात आणि मोडतात."

काकूंनी विणकामातून मान वर केली नाही. "रिटायर झाल्यापासून तुम्ही दुसरं काय करताय?"

त्या रात्री काका लवकर झोपले.

अक्षय्य तृतीयेला यंत्र पुरं झालं. नळ्यांना मेण, नवं बेअरिंग, हिरवा रंग, समोर उदबत्ती. आम्ही सात जण जिन्यावर बसलो. काकांनी मेपलचा तुकडा लेथवर चढवला आणि सपासप ढलप्या उडू लागल्या. दर दोन मिनिटांनी मोटर बंद, व्हर्नियर कॅलिपर बाहेर. दोन तासांनी लाटणं निघालं. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडीत केसाइतका फरक नाही.

काकूंनी पहिली पोळी लाटायला घेतली. पोळी पोळपाटाला चिकटून बसली. दुसरी ओहायोच्या नकाशासारखी झाली.

"फिरत नाहीये ती," काकू म्हणाल्या. "याला पोट नाही."

काकांनी दोन्ही लाटणी ओट्यावर शेजारी ठेवली आणि डोळा ओट्याच्या पातळीवर आणला. नव्या लाटण्याखालून कुठेही उजेड नव्हता. जुनं मात्र मधेच टेकलेलं, दोन्ही टोकांखाली उजेडाची बारीक फट. चितारआळीतल्या त्या खरादीकडे कसला आलाय व्हर्नियर? पण पोळी कशी फिरते ते त्याच्या हाताला ठाऊक होतं.

आम्हाला वाटलं, काका खचणार. त्यांनी जुन्या लाटण्याचं मधलं आणि टोकाचं माप घेतलं, ते हातरुमालावर लिहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा तजेला आला.

"म्हणजे यात बिघाड आहे!" असं म्हणत ते जिना उतरलेसुद्धा.

काकूंनी जुनं लाटणं उचललं. तिसरी पोळी पोळपाटावर गरगर फिरू लागली. खाली आधी मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मगच डायल फिरल्याचा.