टायपिंगवाल्या सरांचा खटका

तालुक्याच्या गावी तहसील कचेरी असली, की तिच्यासमोर स्टॅम्पव्हेंडर, झेरॉक्सवाला, चहाची टपरी आणि टायपिंगवाले सर असतातच. पहिले तिघे गिऱ्हाइकाकडे बघतात. सर बोटांकडे बघतात. बँकेत गेले तरी काउंटरपलीकडच्या बाईंची करंगळी 'ए'वर पडते की नाही, याची खात्री करून मगच ते स्लिप पुढे सरकवतात. लग्नपत्रिका हातात आली, की आधी अनुस्वार, मग मुहूर्त. कोणी दोन बोटांनी टाईप करताना दिसला, तर घरात चपला घालून आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघतात.

वसमतच्या सरांनाही हे सगळं लागू आहे. एकेकाळी त्यांची इन्स्टिट्यूट होती. बॅचमागून बॅच चालायची, रेक्झिनची कव्हरं निघायची आणि सगळी यंत्रं एकदम खडखडायला लागायची. गोदरेजनं १९५५ साली देशी टाईपरायटर काढला आणि २००९ च्या सुमारास कारखान्यातलं उत्पादन थांबवलं. या दोन सालांच्या मध्ये महाराष्ट्रात किती कारकून घडले, हे सरांना विचारू नये. चहा थंड होतो. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठीचा ३० किंवा इंग्रजीचा ४० चा वेग लागायचा, आणि तो वेग सरांच्या बाकावर मिळायचा. पुढे परीक्षाच संगणकावर गेली. यंत्रं किलोच्या भावानं भंगारात गेली. एक तेवढं राहिलं. त्यावर हल्ली झेरॉक्सचे कागद ठेवतात.

आता दुकानात संगणक आहे आणि त्याला रबरी पडद्याचा स्वस्त कीबोर्ड आहे. त्यावरची अक्षरं पुसली गेल्याचं सरांना दुःख नाही, त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. कळ दाबली गेली की नाही, हे बोटाला कळत नाही, हे खरं दुःख.

दुकानात कामाला असलेल्या पोरानं एक दिवस नांदेडहून मेकॅनिकल कीबोर्ड आणला. निळ्या खटक्यांचा. सरांनी तर्जनीनं एक कळ दाबली. 'टक्' असा आवाज आला. त्यांनी डोळे मिटले. पोरानं मग सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक कळीखाली स्वतंत्र खटका, त्यात एक स्प्रिंग, एक दांडी आणि धातूच्या पट्ट्यांचा संपर्क. चेरी नावाच्या जर्मन कंपनीनं १९८० च्या दशकात ही जात लोकप्रिय केली. लाल खटका ४५ ग्रॅमला दबतो. एकूण ४ मिलीमीटर खाली जातो, पण २ मिलीमीटरलाच अक्षर उमटतं. तपकिरी दबताना बोटाला हलकासा अडथळा लागतो, निळा आवाज करतो.

"आणि सगळ्यात वाईट कोणता?" सरांनी विचारलं.

"वाईट कोण कशाला बनवील, सर?"

म्हणजे ही जागा रिकामी होती. सरांनी त्याच संध्याकाळी पाठकोऱ्या कागदावर काम सुरू केलं.

पहिली कल्पना वजनाची. खटक्यात २०० ग्रॅमची स्प्रिंग घालायची. पाच दाबांचा एक शब्द धरला, तर ३० च्या वेगाला मिनिटाला १५० दाब, म्हणजे ३० किलो. दहा मिनिटांत तीन क्विंटल. तेवढ्यात हमीपत्र न्यायला आलेला एक शेतकरी मागून डोकावला.

"सर, काय करायलाव? हळदीचा हिशोब का?"

पोराला मात्र हे पटलं नाही. जड खटका निदान प्रामाणिक असतो, बोट मजबूत होतं, असं त्याचं म्हणणं. सरांनी ओळ खोडली.

मग त्यांनी पूर्वसूरींचा अभ्यास केला. १९७९ च्या अटारी ४०० या घरगुती संगणकाला कळा नव्हत्याच, नुसता सपाट पडदा होता. सरांनी 'दांडीच नाही, तर परीक्षेला बसता येणार नाही' असा शेरा मारून तो बाद केला. १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम रबरी कळांचा. पण तो लाखांनी खपला आणि ब्रिटनमधल्या एका पिढीनं त्यावर प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं. ज्यावर पोरं शिकली, त्याला सर वाईट म्हणणार नाहीत. आयबीएमचं प्रकरण त्यांना जास्त भावलं. या कंपनीच्या कळा दणकट म्हणून नावाजलेल्या, आणि तिनंच १९८३ मध्ये पीसीज्युनियर काढून त्याला बिस्किटांसारख्या सुट्या कळांचा, बिनतारी कीबोर्ड दिला. तो इन्फ्रारेडवर चालायचा, म्हणजे कीबोर्ड आणि यंत्र यांच्या मध्ये कोणी उभं राहता कामा नये. तहसीलसमोरच्या दुकानात मध्ये कोणी उभं नाही, असा क्षण सरांना आठवेना. या कीबोर्डला ते पहिला नंबर देणार होते. तेवढ्यात १९८४ मध्ये आयबीएमनं गिऱ्हाइकांना कीबोर्ड फुकट बदलून दिल्याचं पोरानं सांगितलं, आणि सरांचा रस गेला. फुकट बदलून मिळतं, ते कसलं वाईट!

ॲपलचा नंबर त्यानंतर. २०१५ मध्ये मॅकबुकमध्ये आलेला बटरफ्लाय खटका इतका पातळ, की धुळीचा कण गेला तरी कळ अडायची, नाही तर एका दाबात दोन अक्षरं उमटायची. कंपनीनं फुकट दुरुस्तीची योजना काढली आणि शेवटी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात ५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. सरांच्या मते ही नवशिक्यांची कामगिरी. धूळ म्हणजे काय, ते वसमतला येऊन बघावं. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली हळद इथली. हंगामात ती शिजते, वाळते आणि पॉलिशच्या ड्रममध्ये फिरायला लागली, की हवेला पिवळा रंग चढतो. त्या हवेत बटरफ्लाय पहिल्या आठवड्यातच बंद पडला असता. आणि बंद पडलेली कळ कोणाला फसवू शकत नाही.

इथं सरांना सूत्र सापडलं. वाईट खटका चालला पाहिजे, पण खोटं बोलत चालला पाहिजे.

आयबीएमच्या जुन्या मॉडेल एम कीबोर्डमध्ये स्प्रिंग दाबता दाबता एकदम वाकते. आवाज आणि अक्षर एकाच क्षणी. सरांनी हे उलटं केलं. आवाज १ मिलीमीटरला, अक्षर साडेतीनला. बोट आवाजावर विश्वास ठेवून परत फिरणार आणि अक्षर राहून जाणार. दुसरी युक्ती संपर्काची. धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आपटल्या की काही मिलिसेकंद थरथरतात. ती थरथर म्हणजे नवे दाब समजू नये म्हणून कीबोर्डमधली चिप क्षणभर थांबते. सरांनी ते थांबणंच काढून टाकलं. मात्र या दोन्ही युक्त्या सगळीकडे नाहीत, फक्त काना, वेलांटी आणि पाय मोडायच्या कळीवर.

कारण साधं होतं. इनस्क्रिप्ट या मराठी कळमांडणीवर 'वसमत' लिहायला चारच दाब लागतात. काना नाही, वेलांटी नाही. म्हणजे अर्जावर गावाचं नाव बिनचूक उमटणार, टायपिस्ट निर्धास्त होणार, आणि घोटाळा अर्जदाराच्या नावात होणार. तोही सातबाऱ्याशी नाव जुळत नाही म्हणून खिडकीवरून अर्ज परत येईल तेव्हाच कळणार. जिल्ह्याचं नावही सरांच्या सोयीचं. शिफ्ट न धरता 'परभणी'ला पाच दाब पुरायचे. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि पत्त्यात दोन दाब वाढले. ते वाढले तेव्हा सरांनी कपाळाला हात लावला होता. आता त्यात त्यांना चुकीच्या दोन जादा संधी दिसल्या.

"पण सर, हे घेणार कोण?" पोरानं विचारलं.

सरांनी कागद उलटा केला. मागच्या बाजूला अभ्यासक्रम तयार होता. सहा महिने, रोज एक तास, सकाळ-संध्याकाळ बॅच, वेग ३०, परीक्षा फी वेगळी. इतक्या वाईट खटक्यावर बिनचूक टाईप करायचं, तर शिकवणी लागणारच, आणि शिकवायला तालुक्यात एकच माणूस.

हमीपत्रवाला शेतकरी अजून तिथंच उभा होता. त्यानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "पोरीचं नाव घालतो, सर. पण हे सर्टिफिकेट भरतीला चालतंय का?"