जुनेर म्हणू नये, थ्रिफ्ट म्हणावं

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्णानं अर्जुनाला समजावलं, की माणूस जीर्ण वस्त्रं टाकून नवी घालतो, तसाच आत्मा देह बदलतो. अर्जुन आधीच गांगरलेला, त्यामुळे एक साधी शंका त्याच्याकडून राहून गेली. टाकलेली वस्त्रं जातात कुठं? नंदुरबारच्या एखाद्या गृहिणीला हा उपदेश झाला असता, तर तिनं आधी हेच विचारलं असतं. आणि लगेच दुसरं : त्यावर भांडी किती येतील?

दोन्हीची उत्तरं बोहारणीकडं असतात. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं बोचकं आणि तोंडात मराठी, गुजराती, अहिराणी एकाच पातेल्यात शिजवलेली भाषा. पुरुषमंडळी कामावर गेली की ती ओट्यावर बसते. तिच्या पुढ्यात दोन पँटी, चार शर्ट आणि एका लग्नात आहेर म्हणून आलेली, दुसऱ्या लग्नात आहेर म्हणून द्यायची राहून गेलेली साडी येते. बोहारीण पँट उजेडाला धरते. आधी बूड बघते, कारण खुर्चीवर बसून नोकरी केलेल्या माणसाची पँट तिथंच विरते. मग गुडघे. मग चेन दोनदा वरखाली. शर्टाची कॉलर उलटून आतली घडी अंगठ्यानं चोळते.

‘मावशी, डबा दे गं मोठा.’

‘एवढ्यात डबा, ताई? वाटी घ्या.’

अर्ध्या तासानं पातेल्यावर तोड निघते. वरून एक जुना परकर बोहारीण ओढून घेते, वरून एक चमचा ताई ओढून घेतात. दोघीही समोरचीला लुटल्याच्या समाधानात उठतात. संध्याकाळी शर्टाचा मालक घरी आल्यावर शर्ट शोधतो आणि त्याला पातेलं दाखवलं जातं.

आता याच जिल्ह्यातला दुसरा सौदा बघा. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तिथं घोड्यांचा बाजार लागतो. देशभरातून घोडे येतात, शौकीन येतात. दात बघतात, चाल बघतात, आधीचा मालक कोण ते विचारतात, लाखांत पैसे मोजतात आणि फेटा बांधून घोड्यासोबत फोटो काढतात. वापरलेला घोडा घेतला म्हणून कुणी मान खाली घातल्याचं ऐकिवात नाही. जुनी मोटरसायकल घेतली तरी लोक पेढे वाटतात. जुन्या वाड्याला तर आपण खानदानी म्हणतो. शर्ट जुना घेतला की मात्र तो ‘भावानं दिला’ असं सांगावं लागतं.

खरं तर मराठी माणसाचं पहिलं वस्त्र जुनंच असतं. बाळंतविड्यात झबली-टोपडी कितीही आली, तरी बाळाला गुंडाळायला आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं दुपटं लागतं. लंगोट कुणाच्या तरी धोतराचे. पुढं थोरल्याचा सदरा धाकट्याला येतो. त्यासाठी शिंप्याला आधीच बजावलेलं असायचं, ‘माया ठेव रे शिवणीत.’ शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या दोन बोटं जादा कापडाला माया म्हणावं, हे ज्या भाषेला सुचलं तिला काटकसर शिकवायला परदेशी शब्द कशाला हवा होता? पोर वाढलं की माया उसवायची. कॉलर विरली की शिंपी ती काढून उलटी बसवायचा आणि शर्ट आणखी दोन वर्षं कचेरीत जायचा. रेडीमेड कपड्यांत मायेचा हिशेब बसत नाही. तिथं कापड मिलिमीटरवर कापतात.

बोहारणीच्या बोचक्याचं पुढं काय होतं? कपडे धुतले जातात, उसवलेलं शिवलं जातं, तुटक्या बटणांच्या जागी भलत्याच रंगाची बटणं येतात, इस्त्री फिरते आणि आठवडे बाजाराच्या कडेला ताडपत्रीवर ढीग लागतो. गिऱ्हाईक उकिडवं बसून उपसत राहतं. ‘कितलाले शे हाऊ?’ ‘तीसले दोन.’ भारतातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. माणसाची ओळख पटवण्याच्या कामी नंदुरबार असा देशात पहिला. पण ढिगातल्या शर्टाची ओळख अजून पटत नाही. खिशावर बँकेचं बोधचिन्ह असतं, पाठीवर कुठल्याशा मॅरेथॉनचं नाव. धावला कोण, घातला कुणी, कुणालाच पडलेली नसते.

या ढिगाचा खरा वैरी सुरत आहे. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. एका बाकाचं एक टोक या राज्यात, दुसरं त्या. त्याच मार्गानं पुढं गेलं की सुरत, आणि सुरतेची पॉलिएस्टरची नवीकोरी साडी दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळते. इतकं स्वस्त नवं समोर असताना जुनं घ्यायचं कुणी? जिल्ह्यातले मध्यमवर्गीय लग्नाचा बस्ता बांधायला सुरत गाठतात, कारण ‘तिकडं स्वस्त पडतं’. आठ जणांचं जाणं-येणं, दोन वेळचं जेवण, आणि स्वस्त आहेत म्हणून जास्तीच्या घेतलेल्या अकरा साड्या, हे त्या स्वस्ताईत धरत नाहीत. त्याच साड्या पुढं बोहारणीकडं जातात आणि तिचंही तोंड वाकडं होतं. सुती लुगड्याची गोधडी व्हायची, पोतेरं व्हायचं, हात भाजू नये म्हणून चुलीपाशी फडकं व्हायचं. पॉलिएस्टर पाणी टिपत नाही, गोधडीत सरकतं आणि चुलीपाशी वितळतं. पातेल्याचा आकार त्यापायीच लहान होत चाललाय.

सरकारनं मात्र या विषयात फार खोल विचार केलेला आहे. आंतरराष्ट्रीय जकातीच्या वर्गवारीत ६३०९ हा आकडा वापरलेल्या कपड्यांचा, आणि ६३१० चिंध्यांचा. भारतात घालण्याजोगे जुने कपडे आणायला परवाना लागतो. चिंध्यांना आडकाठी नाही, फक्त त्या पुरत्या फाडलेल्या असाव्यात. म्हणजे साहेबाच्या देशातून आलेला धडधाकट कोट गुन्हेगार, आणि त्याच कोटाला दोन-चार ठिकाणी उभं कापलं की तो कायद्याचं पालन करणारा कच्चा माल. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात असल्या कपड्यांची वर्गवारी चालते आणि फाडलेला माल पानिपतला जातो. मराठी माणसाला ते गाव वेगळ्या कारणानं ठाऊक आहे. पण हल्ली तिथं लोकरी कोट-स्वेटरांचा विध्वंस होतो, त्यांचं सूत निघतं आणि ब्लँकेटं विणली जातात. मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ (२०१२) या छोटेखानी माहितीपटात पानिपतच्या कामगार बायका बटणं आणि चेन कापता कापता कोडं सोडवत असतात, की तिकडचे लोक इतके धड कपडे टाकतात का? त्यांचा तर्क असा, की तिकडं पाणी फार महाग असावं, धुण्यापेक्षा टाकणंच परवडत असेल. अर्थशास्त्राचा याहून सरळ विचार कुठल्या विद्यापीठात ऐकायला मिळायचा?

आता मुख्य बातमी. २०२० च्या टाळेबंदीनंतर पुण्या-मुंबईच्या पोरांना इन्स्टाग्रामवर शोध लागला की जुने कपडे घालता येतात. त्याला थ्रिफ्ट म्हणतात. अमेरिकेत बोस्टनला १९०२ मध्ये एका पाद्र्यानं श्रीमंतांकडचे जुने कपडे गोळा करून गरिबांकडून दुरुस्त करवले, ते विकले, त्यातून गुडविल ही संस्था उभी राहिली आणि तिची दुकानं आजही चालतात. आपल्याकडं हे काम पाटी डोक्यावर घेऊन उन्हातान्हात चालायचं, त्यामुळे ते संस्था वाटलं नाही. मराठीत असल्या कपड्याला ‘जुनेर’ असा नेटका शब्द आहे, पण जुनेराचे पन्नास रुपयांवर कुणी देत नाही. ‘प्री-लव्हड’ म्हटलं की तीनशे, ‘व्हिंटेज’ म्हटलं की नऊशे, आणि फोटोतली मुलगी कॅमेऱ्याकडं बघत नसेल तर वर कुरियरचा खर्च वेगळा. घेणारा मग सगळ्यांना सांगतो, की मी नऊशे रुपये वाचवले. कपाटात त्याचे चाळीस शर्ट असतात. त्या प्रत्येकावर त्यानं असेच काहीतरी वाचवलेले असतात.

दानाचीही एक गंमत असते. जे बोहारीण नाकारते, ते आपण पूरग्रस्तांना देतो. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत ‘गूंज’ सुरू केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं, आणि त्यांनी धरलेला आग्रह साधा होता : कपडा भीक म्हणून नको, गावानं विहीर खणावी, रस्ता करावा आणि कपडा मजुरी म्हणून घ्यावा. महाराष्ट्र सरकारनं वस्त्रोद्योग धोरणात २०२३ ते २०२८ अशी पाच वर्षं अंत्योदय कार्डावर दर वर्षी एक साडी फुकट द्यायचं ठरवलं. २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारकडच्या आदिवासी बायकांनी तसल्या साड्या तहसील कचेरीत नेऊन परत केल्या. त्यांचं म्हणणं, साडी आमची आम्ही घेऊ, हाताला काम द्या. फुकटातला कपडा परत करणारं गिऱ्हाईक कुठल्याच योजनेत गृहीत धरलेलं नसतं.

धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात. जाण्याआधी ताडपत्रीवरच्या ढिगाशी त्यांची गाठ पडते आणि त्यांची मागणी अगदी नेमकी असते : पुरुषाचा शर्ट, पूर्ण बाहीचा, जाड, गडद रंगाचा. उसाचं पातं ब्लेडसारखं कापतं, म्हणून बायका साडीवरून हा शर्ट चढवतात, बाह्या मनगटापर्यंत ओढतात, वरचं बटण लावतात. खांदे कोपराकडं उतरलेले, घेर गुडघ्यापर्यंत. मासिकांनी ‘ओव्हरसाइज्ड’ या नावाखाली ही फॅशन छापली, तेव्हा बार्डोलीच्या फडात ती बरीच जुनी झाली होती.

हीच माणसं होळीला सातपुड्यात परततात. भोंगऱ्या बाजार भरतो, ढोल वाजतात, एकाच रंगाच्या कोऱ्या साड्या घेतलेल्या पोरींचे थवे हिंडतात. चार महिने घाम गाळून आलेला गडी कोरा शर्ट घेतो, दुकानदाराला घडी मोडून दाखवायला लावतो आणि भावावर अडून बसतो. काटकसरीवर व्याख्यान द्यायला त्या गर्दीत शिरावं, असं अजून कुणा थ्रिफ्टवाल्याला वाटलेलं नाही.

फडातला शर्ट तोवर पाठीवर विटलेला असतो, खिसा लोंबत असतो, पण फेकत कुणी नाही. पावसाळा सरतो, ज्वारी कणसावर येते, पाखरं उतरू लागतात. मग दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधून, वर मडकं पालथं घालून, बँकेच्या बोधचिन्हासकट तो शर्ट बुजगावण्याला चढवतात. त्यालाही तो ओव्हरसाइज्डच होतो.