धोप्याची वाटणी

मृगाचं पाणी पडलं की झरी जामणीकडची माणसं सरकी टोबायच्या मागे लागतात. त्या धांदलीत न्हाणीमागच्या धोप्याकडे पाहायला सवड असते ती घरातल्या म्हाताऱ्या बायकांनाच. पुण्यामुंबईकडचा अळू तो हा धोपा. विहीर तळाला गेली तरी आंघोळीच्या सांडपाण्यावर हा उन्हाळा काढतो.

चार-पाच वर्षं कुणी हात लावला नाही, तर मात्र बेट दाटतं. मधला जुना गड्डा तसाच बसून राहतो, भोवती पिल्लांची गर्दी होते आणि पानं अशी आकसतात की वडीचा उंडा वळायला घ्यावा तर बेसन जास्त नि पान कमी. तेव्हा ओळखावं, वाटणीची वेळ झाली.

त्यासाठी वाफसा हवा. काळी माती ओली असली तर सब्बलीला चिकटते, सुकली असली तर सब्बलच उलटी उडते. बुडापासून हातभर अंतर सोडून बेट मातीसकट उकरायचं, डोळा आणि थोडी मुळं राहतील अशी पिल्लं सोडवायची, मोठी पानं छाटून मधली सुरळी तेवढी ठेवायची. हातांना खाज सुटतेच. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात त्यात. भाजीत चिंच पडते तीही याच भीतीनं.

विलायतेतला रूबार्ब धोप्याचा नातलग नाही, पण ऑक्झलेटची खोड त्यालाही आहे. त्याचे देठ खातात, पानं विषारी. थंडीशिवाय तो नीट फुटत नाही, म्हणून आपल्याकडे त्याचं नाव नको. तोही काही वर्षांनी उकरून, डोळा राखून तोडून लावतात. इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये तर त्याचे गड्डे थंडी खाऊ देऊन अंधाऱ्या शेडमध्ये हलवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात देठ काढतात. एवढे लाड धोप्याला कळले, तर तो न्हाणीमागे राहायचा नाही.

शेताची वाटणी झाली की सातबाऱ्यावर नावं वाढतात, वावर तेवढंच राहतं आणि धुऱ्यावरून भाऊ कोर्टात जातात. धोप्याच्या वाटणीत मात्र मागणाऱ्याला आग्रह होतो.

"काकू, एक गड्डा देता का?"

"एक काहून वं, दोन नेय ना. पण न्हाणीपाशी लाव."

यात थोडा हिशेबही असतो, मला वाटतं. धोपा बियांवर सहसा वाढत नाही, गड्ड्यावरच पसरतो. म्हणजे शेजारच्या चार घरी लावलेला धोपा आपलाच, फक्त पाणी दुसऱ्याच्या न्हाणीचं. एखाद्या वैशाखात आपला जळाला, तर मागायला दार माहीत असतं. फक्त तोवर तिकडे त्याचा इतिहास बदललेला असतो. तो शेजारणीच्या माहेरचा झालेला असतो, आणि आपलाच गड्डा आपल्याला तो कसा सांभाळावा या उपदेशासकट परत मिळतो.

लावल्यावर रूबार्बचे देठ पहिलं वर्षभर तोडू नयेत असा नियम आहे. धोप्यालाही असा दम मिळायला हरकत नव्हती. पण भाद्रपदात महालक्ष्म्या येतात, पाठोपाठ पितृपक्ष, आणि नैवेद्याच्या पानावर वडी नाही म्हणून सासूला कोण समजावणार?